कट्ट्याखालचं झाकण

बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी पुन्हा वर आलं, आणि या खेपेला ते बघायला सगळ्यांत आधी पोहोचली रांगणारी ठकी. आईने धावत जाऊन उचललं तोवर पोरीचे दोन्ही तळवे बरबटले होते आणि त्यातला एक तोंडाच्या वाटेवर होता. मागच्या वेळच्या जुलाबांतून ती आत्ता कुठे सावरत होती.

"केस," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "मी कधीची सांगतेय. हिचे केस."

बाळंतपणानंतर ठकीच्या आईचे केस गळत होते, हे खरं. पण सासूबाईंनी त्याचा खटलाच उभा केला होता. जाळीतला एकेक गुंता काढून बेसिनच्या कडेवर वाळत ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. प्लंबरनेही गेल्या वेळी आतून सळई ढकलली, तो गुंता पाहिला आणि मान डोलावली. नवऱ्याने तोडगा काढला, "टोपी घालून अंघोळ कर ना." तेही तिने केलं. केस धुतले ते बादलीवर वाकून, आणि ते पाणीही गाळून ओतलं. जाळीत एक केस जाऊ दिला नाही. तरी पाणी आलंच.

म्हणून आज प्लंबर आला तेव्हा तिने त्याला घरात घेतलंच नाही. "आतून नको. बाहेरचं सांडपाण्याचं चेंबर उघडा."

"उघडतो की, ताई. पण आहे कुठे?"

मागच्या अंगणात दिसत होतं ते सासूबाईंचं लाडकं झाड आणि त्याच्याभोवतीचा फरशीचा गोल कट्टा. गल्लीतली झाडं सुकून काड्या झाली तरी हे आपलं हिरवंगार. "हातगुण असतो एकेकाचा," सासूबाई सांगायच्या. बाथरूमची भिंत, झाड, पलीकडे गटार. सगळं एका रेषेत होतं.

"आई, चेंबर कुठंय?" तिने सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने फोनकडे.

"अगं, ते झाकण घाणेरडं दिसायचं. कट्टा बांधला तेव्हा गवंड्याला म्हटलं, टाक वरून फरशी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"झाकणाचं माहीत होतं. त्याचा इथे काय संबंध? पाणी तर आत तुंबतंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फासही त्याच्याच केसांचा वळलेला.

"फोडा," ती म्हणाली.

प्लंबर घुटमळला. "साहेब?"

"आईला वाईट वाटेल गं," नवरा म्हणाला. "रविवारी बघू या का?"

तिने ठकीला त्याच्या कडेवर दिलं. "घे. रविवारपर्यंत ही जमिनीला टेकणार नाही. जेवताना, झोपताना, ऑफिसात, तुझ्याच कडेवर." मग प्लंबरकडे वळली. "दादा, छिन्नी काढा."

फरशी फुटली, माती निघाली, गंजकं झाकण वर आलं. पाइपाच्या तोंडात काहीतरी तपकिरी, बारीक तंतूंचं ठासून बसलं होतं. प्लंबरने दोन्ही हातांनी ओढलं. वेणीएवढं जाड, भिजलेलं मुळांचं जावळ सरसरत बाहेर आलं आणि त्यामागून घरातलं तुंबलेलं पाणी भसाभसा धावलं.

"झाडाचं मूळ पाइपाच्या सांध्यातून शिरलंय. आज कापीन, पण परत येणार," तो तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला. "पाइपच बदला."

"लांबून केसच वाटतात," सासूबाई पुटपुटल्या.

तिने ते जावळ तसंच उचललं. घरात गेली, बेसिनच्या कडेवरचे वाळलेले गुंते हाताने खाली लोटले आणि तिथे मुळं पसरली. गढूळ पाणी थेंबथेंब जमिनीवर गळू लागलं.

"पाइप बदलेपर्यंत हे इथंच राहील," ती म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्याला मी दाखवीन."

फिनेलची बादली तिने सासूबाईंच्या पायाशी आणून ठेवली.

"आणि बाथरूम तुम्ही पुसा, आई. हातगुण आहे तुमचा."