डुबुकवड्यांची दोन पातेली

धर्मेंद्रचा फोन आला तेव्हा रूपचंद वालाच्या शेंगा सोलत बसला होता.

"बापू, रविवारी येतो. जेवायलाच येतो. बघतो तुम्ही तिथं काय खाता ते."

"ये की. बघ."

"आणि मला पटलं नाही तर गाडीत बसवून सुरतेला नेणार. या वेळी ऐकणार नाही. नूतननं तुमची खोली आवरून ठेवलीय."

"बरं," म्हणून रूपचंदनं फोन खिशात टाकला. मग तो दाणे टाकत राहिला टोपलीत आणि साली टाकत राहिला पातेल्यात. समोर बसलेल्या कौसाबाईनं ते थोडा वेळ बघितलं.

"आप्पा, काय करी ऱ्हायना? आज आमले साली चारस का?"

रूपचंदनं पातेलं उपडं केलं आणि पहिल्यापासून निवडायला घेतलं.

ही वस्ती शहाद्याहून धडगावकडे जाताना, सातपुडा सुरू होतो तिथं, सात एकरांवर आहे. माणसं अकरा, खोल्या वेगवेगळ्या, चूल एक. जमीन हेमकांतची. तो शाळामास्तर होता. निवृत्त झाल्यावर त्याला आणि त्याच्या बायकोला, हेमांगीला, वाटलं की शेजारीपाजारी राहून प्रत्येकानं आपापली भाकरी थापण्यापेक्षा एकत्र कष्ट करावेत आणि एका पंगतीला जेवावं. खात्या आणि त्याची बायको कमलीबाई आले ते दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायचा वीट आला म्हणून. कौसाबाई आली, कारण तिला एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा आला होता. रूपचंद प्रकाशाजवळचा, तापीकाठचा, केळी-कापसातला माणूस. त्याची बायको प्रमिला वारली. त्यानंतर चार महिने तो चहात टोस्ट बुडवून जगला. मग शेत पुतण्याला करायला दिलं आणि इथं आला. त्याला आता दहा महिने झाले होते.

मधे पंधरा दिवस तो सुरतेला जाऊनही आला होता. मुलगा धर्मेंद्र चांगला, सून नूतन चांगली, पण दोघंही सकाळी कामाला जात. चौथ्या मजल्यावर फ्रिजमध्ये तीन डबे असत, त्यावर चिठ्ठ्या. रूपचंद डबा उघडायचा, खायचा, धुऊन ठेवायचा. पंधरा दिवसांत दुपारच्या जेवणाला त्यानं तोंडातून एक शब्द काढला नव्हता, कारण ऐकायला डबाच होता. तिथं परत जायचं नाही, हे त्यानं मनाशी ठरवलं होतं. इथं निदान कौसाबाई साली खायला घालतोस का म्हणून विचारत होती.

वस्तीचे नियम फार नव्हते. दोन मात्र कडक होते.

पहिला, ताटावर बसून अन्नाला नाव ठेवायचं नाही. हा नियम हेमकांतनं पहिल्या वर्षी केला, कारण त्या वर्षी दोन कुटुंबं वरणावरून वस्ती सोडून गेली. एक म्हणे पातळ, एक म्हणे घट्ट. वरण एकच होतं.

दुसरा, ज्याचा पाहुणा त्याचा स्वयंपाक. हाही अनुभवातून आलेला. हेमकांतचे जुने विद्यार्थी भेटायला यायचे आणि भाकऱ्या कमलीबाईला थापाव्या लागायच्या. एकदा तिनं वीस भाकऱ्या थापल्या आणि एकविसाव्या भाकरीचं पीठ सरांच्या हातात दिलं. त्या दिवसापासून नियम.

म्हणजे रविवारी स्वयंपाक रूपचंदचा. आणि रूपचंदला एकच गोष्ट करता यायची, डुबुकवड्या. काळ्या रश्श्यात बेसनाचे गोळे सोडायचे, की झालं. त्याची पाळी आली की त्याच. दहा महिने अकरा माणसं त्या निमूट खात होती.

शनिवारी सकाळी कमलीबाईनं त्याला लाकडाच्या ढिगामागे बोलावलं.

"आप्पा, मी उभी आहे. ताट कुठं दिसत नाही. बोलू का?"

"बोल."

"उद्या वड्या नका करू."

"का गं?"

"आमच्या खात्यानं मागच्या वेळी एक वडी कमरेला खोचून नेली. गोफणीत घालून ज्वारीवरची पाखरं हाकलली."

"मग?"

"मग काय. पाखरं गेली. वडी सापडली, तशीच्या तशी."

तिला वाटलं, म्हातारा आता रुसतो. रूपचंद ओंडक्यावर बसला आणि हसला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"कडक होतात ते. आणि रस्सा कडू होतो तेही. प्रमिलाच्या अशाच व्हायच्या. निखाऱ्यावर कांदा-खोबरं ठेवायची आणि भिंतीपलीकडच्या बाईशी बोलायला जायची. परत यायची तोवर कोळसा. तोच वाटायची. लग्नानंतर पहिल्यांदा खाल्लं तेव्हा वाटलं, आज बिघडलं असेल. दुसऱ्यांदाही तेच. वर्षभरानं मला दुसऱ्या कुणाच्या गोड लागेनात."

"अडतीस वर्षांत एकदा तरी सांगायचं बाईला."

"सांगणार होतो एकदा. तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच विचारलं, अजून वाढू का?"

"मग?"

"मग वाढ म्हटलं."

कमलीबाईनं पदर तोंडाला लावला. मग हसू आवरून म्हणाली, "आप्पा, ते खरं. पण उद्या पोरगा बघायला येतोय. त्यानं हे खाल्लं तर म्हणेल, बापाला इथं दगड खायला घालतात. तुम्हाला नेईल. उद्या मी करते. कुणाला कळणार नाही."

"पाहुणा माझा," रूपचंद म्हणाला. "नियम आहे."

रविवारी त्यानं सकाळपासून चूल कुणाला दिली नाही. निखाऱ्यावर कांदा-खोबरं ठेवलं आणि बोलायला भिंतीपलीकडे कुणी नव्हतं म्हणून नुसताच अंगणात दोन चकरा मारून आला. कोळसा झाला. पाट्यावर वाटला. बेसन घट्ट भिजवलं, गोळे सोडले. पातेल्यावर झाकण ठेवलं. एवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला आणि तो बाहेर गेला.

तो गेला आणि कमलीबाई मागच्या दारानं आत आली. तिच्या हातात दुसरं पातेलं होतं, परसात तीन दगडांवर शिजवलेलं. कौसाबाई दारात राखणीला उभी राहिली. खात्यानं रूपचंदचं पातेलं उचललं आणि गोठ्यामागे नेऊन ठेवलं. तिघांनाही वाटत होतं की आपण आप्पाला वाचवतोय.

पंगत बसली. धर्मेंद्रनं सगळ्यांना रामराम केला, भिंतीवर टांगलेला पाळ्यांचा तक्ता वाचला, पितळी तांब्या उचलून बघितला. सुरतेचा माणूस घर भाड्यानं घेताना बघतो तसा तो सगळं बघत होता. रूपचंद वाढायला वाकला. डाव वडीला लागला आणि वडी मऊ, दोन तुकडे झाली.

त्यानं मान वर केली. कमलीबाई आढ्याकडे बघत होती. खात्या भाकरीचा पापुद्रा सोडवण्यात गुंतला होता. कौसाबाईनं डोळे मिटले होते.

आता बोलायचं काय? ताटावर बसून अन्नाबद्दल बोलायचं नाही. रूपचंदनं वाढलं आणि बसला.

धर्मेंद्रनं एक घास खाल्ला. "छान आहे," म्हणाला. दुसरा घास खाल्ला आणि हात थांबला.

"बापू, हे तुम्ही केलं?"

रूपचंदला खोटं बोलता येत नव्हतं. त्यानं मुलाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"तुम्ही नाही केलं. फोनवर मला सांगता, मी करतो, माझी पाळी असते. इथं दुसरे करून घालतात आणि तुम्ही आयते बसून खाता. चांगली माणसं आहेत, बोलत नाहीत. पण आपलं ओझं त्यांच्यावर कशाला? जेवण झालं की पिशवी भरा."

पंगतीत कुणी घास उचलेना. कमलीबाईचा चेहरा कुंकवासारखा लाल झाला. तिनं वाचवायला केलं होतं आणि म्हातारा तिच्याच पातेल्यानं चालला होता.

रूपचंदनं ताट बाजूला सारलं. "खात्या, माझं पातेलं कुठंय?"

खात्यानं बायकोकडे बघितलं. "गोठ्यामागे."

"उघडं ठेवलं होतंस?"

"हो."

"कुत्र्यानं तोंड घातलं?"

"नाही. वास घेतला आणि गेला."

"आण इकडे."

पातेलं आलं. काळाशार रस्सा, त्यात वड्या तळाशी बसलेल्या. रूपचंदनं मुलाच्या वाटीत वाढलं. धर्मेंद्रनं वडी अंगठ्यानं दाबली. ती निसटली आणि शेजारी हेमकांतच्या पाण्याच्या पेल्यात पडली. कुणी हसलं नाही. हेमकांतनं ती चमच्यानं काढून अदबीनं परत दिली.

धर्मेंद्रनं ती तोंडात टाकली. बराच वेळ चावली. एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मग रश्श्याचा घोट घेतला.

"वाईट झालंय," तो म्हणाला.

या ओसरीवर सहा वर्षांत कुणी हे वाक्य बोललं नव्हतं. हेमकांतनं सवयीनं बोट वर केलं. "आमच्याकडे ताटावर बसून–"

"सर, फारच वाईट झालंय," धर्मेंद्र म्हणाला. मनगटानं नाक पुसलं आणि वाटी पुढं केली. "बापू, अजून वाढा."

रूपचंदनं वाढलं.

"मायच्या पण अशाच व्हायच्या. वाईट. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू तरी कुठं बोललास?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून. मला वाटायचं, तुम्हाला आवडतात."

"आवडायच्याच की."

"नूतनला सांगितलं होतं कर म्हणून. करते. पण चांगल्या करते. काय करायच्यात त्या?" असं म्हणून तो हसायला लागला आणि हसता हसता वाटीत बघत राहिला. रूपचंदनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात खरकटा होता, शर्टावर काळा पंजा उमटला.

पण एकदा नियम मोडला तो मोडलाच. कौसाबाई हेमकांतकडे वळली. "मास्तर, तुन्हं वरण म्हणजे हात धुवानं पाणी शे. सहा वरीस सांगानं ऱ्हायनं व्हतं."

"आणि तुमच्या खिचडीत मी दर वेळी खडे मोजतो," हेमकांत म्हणाला. "परवा चार."

हेमांगीनं सांगून टाकलं की कमलीबाईची चटणी खाऊन ती रात्री दोन वेळा उठते. कमलीबाई म्हणाली, हेमांगीताईची भाजी आजाऱ्याला बरी, चांगल्या माणसाला नको. अर्धा तास ओसरीवर असा गलका झाला की गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली. तेवढ्या वेळात दोन्ही पातेल्यांनी तळ गाठला आणि वस्ती सोडून मात्र कुणी गेलं नाही.

धर्मेंद्र भिंतीला टेकून हे बघत होता. बापाचं ताट त्याच्या ताटाला लागून होतं आणि बाप कौसाबाईच्या बाजूनं भांडत होता.

"बापू, सुरतेला तुम्हाला हे करता यायचं नाही," तो म्हणाला. "चौथ्या मजल्यावर एवढं खोबरं जाळलं तर सोसायटीवाले बंब बोलावतील. राहा इथंच. मीच येत जाईन. तुमची पाळी कधी असते?"

रूपचंद म्हणाला, "गुरुवारी."

"या गुरुवारी मला धडगावला काम आहे," कमलीबाई लगेच म्हणाली. "ऑफिसात. दिवसभर."

"मी खांडबाऱ्याले बहीणकडे जास," कौसाबाई म्हणाली.

"माझा गुरुवारचा उपास सुरू होतोय," हेमकांत म्हणाला.

"जा सगळे," रूपचंद म्हणाला. "तेवढ्याच आम्हाला जास्त."

रूपचंदच्या पातेल्यात आता एक वडी उरली होती. तुम्ही घ्या, तू घे, असं दोन-तीनदा झालं. शेवटी अर्धी-अर्धी ठरली. बोटांनी तुटेना. चमचा वाकला. खात्या विळा आणायला उठला. तेवढ्यात कौसाबाईनं कमरेची चंची सोडली, आतला सुपारीचा अडकित्ता काढला, लुगड्याला पुसला आणि बापलेकांच्या मधे ठेवला.