ताज्या तारखेची शिळी फाइल

आज तिने लिहिलेली संगणकाची स्क्रिप्ट पहिल्यांदा कामाला लागणार होती आणि बाईसाहेबांचे पाय काही जमिनीवर ठरत नव्हते. पूर-नियंत्रण कक्षात तिला सगळे 'घार' म्हणत, कारण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. नदीच्या वरच्या अंगाला सात मोजणी केंद्रं होती. तिथून दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची सांगणारी एकेक फाइल यायची, आणि ते सात फोल्डर कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं. आता ते काम स्क्रिप्ट करणार होती. वीस मिनिटांहून जुनी फाइल दिसली की भोंगा!

"तुझा भोंगा वाजायच्या आत मी रिटायर होईन," शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले.

"बघाच तुम्ही!"

नऊला तिने स्क्रिप्ट सुरू केली. सातही दिवे हिरवे! तिने टाळीच वाजवली. पण साडेनऊला चौथ्या केंद्राचा आकडा तोच, दोन मीटर चौदा. पावणेदहालाही तोच. धरणातून पाणी सोडलंय आणि नदी जागची हलत नाही? असं कुठं असतं? फाइलवरची तारीख-वेळ मात्र पाचच मिनिटांपूर्वीची.

तिने फाइल उघडली. आत मोजणीची वेळ होती आठ पन्नास.

"काका, ही मघाचीच फाइल आहे! हिला नवी तारीख कोण चिकटवतंय?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं... ते माझंच काम. फाइल आली नाही की मागचीच पुन्हा कॉपी होते. नाहीतर वरच्या ऑफिसचे फोन जीव खायचे. लावलं आणि विसरून गेलो बघ."

चौथ्या केंद्राच्या खाली नदीकाठचं मैदान, तिथे आज शाळेच्या शर्यती, आणि शर्यतीत तिची लेक. भांडायला वेळच नव्हता. तिने केंद्रावर फोन लावला.

"ताई, यंत्र बंद पडलंय!" तिथला राखणदार ओरडला. "तासभर तुमचा नंबर फिरवतोय, लागेल तर शपथ! पाणी चार मीटरच्या वर गेलंय!"

मैदानापर्यंत पोचायला पाण्याला वीस मिनिटं पुरेशी होती. तिने धावत जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं आणि काठावरचा सायरन सुरू केला. काका शाळेचा नंबर दाबत होते.

मग नुसती वाट बघायची होती, आणि तिचे हात स्वस्थ बसेनात. तिने स्क्रिप्ट बदलली. फाइलची तारीख गेली खड्ड्यात, आतली मोजणीची वेळ बघ! भोंगा असा काही कोकलला, की काकांच्या हातातला रिसीव्हरच पडला.

अखेर तिचा मोबाइल वाजला. "सगळी मुलं वर आली," शाळेच्या बाई धापा टाकत म्हणाल्या. "मैदान पाण्याखाली गेलंय."

तेवढ्यात लेकीने फोन हिसकावला. "आई, मी सगळ्यांच्या पुढे होते! नेमका तेव्हाच सायरन! कुणी वाजवला तो?"

"मी," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळे घळाघळा वाहत होते. "मीच गं राणी. घरी ये, आणि हवं तेवढं भांड माझ्याशी."