हस्तिदंती बॉनेटवरची पाच बोटं

आश्विनातली सकाळ. कृष्णेवरचं धुकं पदर सावरत उठत होतं, काठावरच्या मळ्यांत झेंडूला जाग येत होती. ऊन सोनसळी, शांत, थोडंसं परकं. दसऱ्याचं ऊन.

त्या उन्हात मोटार उभी होती. हस्तिदंती रंगाची, दीर्घग्रीव, उघड्या टपाची जर्मन मोटार. तिच्या दिव्यांत आकाश होतं, तिच्या तांबड्या कातडी आसनांत साठ वर्षांची ऊब होती. आणि बॉनेटवर, अगदी पुढे, पाच तांबूस डाग होते. पाच बोटांचे.

'जुनी जर्मन मोटार, विकणे आहे.' एवढी जाहिरात लिहायला अंबूताईंना तीन वर्षं लागली होती.

साठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ती एका संस्थानिकाच्या लिलावातून आणली. त्याच वर्षी त्यांनी अंबूताईंना लग्न करून आणलं. दोघी एकाच वर्षी दाराशी आल्या, म्हणून डॉक्टर मोटारीला 'तुझी सवत' म्हणत.

पहिला दसरा आला. नव्या सुनेला बाजारचं कुंकू हलकं वाटलं; तिनं ते घरीच केलं. हळद, लिंबाचा रस, टाकणखार. दाट, ओलं, जास्वंदवर्णी. पाच बोटं बुडवून तिनं सवतीच्या कपाळावर उमटवली. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून पुसलं नाही. चार दिवसांनी पाहिलं, तर लिंबानं आणि खारानं मोटारीचा रंग खाल्ला होता.

ती रडली. डॉक्टर हसले.

"राहू दे. जर्मन बाई आपल्या घरात सवाष्ण झाली."

पुढे दोनदा मोटार रंगाऱ्याकडे गेली. दोनदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती पाच बोटं तशीच घेऊन परतली. दर दसऱ्याला अंबूताई त्याच डागांवर बोटं टेकवत, कुंकवावर कुंकू, वर्षावर वर्ष.

मग डॉक्टर गेले. जाताना म्हणाले, तिला उभ्या उभ्या मरू देऊ नकोस, धावू दे. अंबूताईंनी ऐकलं नाही. तीन दसरे आले, तीन दसरे गेले. मोटारीला झेंडू नाही, अंबूताईंना कुंकू नाही. देवघरात करंडा पालथा. दोघींच्या मिळून त्या घरात फक्त पाच बोटं उरली, न पुसलेली.

कापडी टपाला कसर लागली, टायर चिरले, तेव्हा मात्र त्यांनी जाहिरात दिली.

पुण्याचा निरंजन लिमये आला. जुन्या मोटारी स्वतःच्या हातांनी जगवणारा. आठवडाभर राबून त्यानं नवे टायर चढवले, इंजिनला आवाज दिला. आज मोटार न्यायची होती, आणि आजच तो बॉनेटपाशी थबकला. नाडी पाहावी तसा पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला.

"आजी, खोटं सांगत नाही. या डागांखाली गंज धरलाय. सगळं खरवडून नवा रंग द्यावा लागेल. ही बोटं राहणार नाहीत. तुम्हाला नको असेल, तर मी आल्या वाटेनं परत जाईन."

त्यानं आणलेल्या झेंडूच्या माळेवर एक मधमाशी घुमत होती.

अंबूताई उठल्या. सवयीनं उजवा हात डागांवर ठेवला. बोटं बसेनात. डाग सडपातळ होते, सरळ होते, विशीतल्या बोटांचे, चाफेकळीसारखे. आणि त्यांची बोटं संधिवातानं वळलेली, थरथरणारी. त्यांनी हात पुन्हा ठेवून पाहिला. तळव्याखाली पत्रा गार लागला.

"द्या रंग," त्या म्हणाल्या. "ज्या पोरीचा हा हात, ती केव्हाच गेली. ही तरी धावू दे."

निरंजननं पूजेचं ताट काढलं आणि अडखळत विचारलं, शेजारची कुणी सवाष्ण मिळेल का.

"माझ्या सवतीची पाठवणी आहे," अंबूताई म्हणाल्या. "मीच करणार."

त्या आत गेल्या. देवघरातला करंडा त्यांनी सुलटा केला, बाहेर आणला, ताटातलं कुंकू त्यात कालवलं. ओल्या कुंकवात वाकडी बोटं बुडवली, आणि त्या जुन्या पाच बोटांशेजारी ही नवी पाच उमटली. थरथरलेली, वेडीवाकडी, लालबुंद.

टप उघडा होता. मोटार फाटकातून वळली, ऊन तिच्या आसनांत येऊन बसलं. हस्तिदंती पाठ उसाच्या हिरव्या वाटेत लहान होत गेली, लहान होत गेली, झेंडूच्या एका पाकळीएवढी झाली.

अंबूताईंचा हात निरोपाला वर गेला होता. तो खाली आला नाही. रित्या अंगणावर, आश्विनाच्या निळाईत, पाच लाल बोटं तशीच उमटून राहिली.