दोघींच्या औषधाचा पेला

मी एक जुना काचेचा पेला आहे. माझ्या तळाशी एक बुडबुडा अडकला आहे. भट्टीतल्या कारागिराची ती फुंकर असावी, असे मी मानतो.

मित्रांनो, १९८६ साली डॉक्टर हेमावतींनी मला गुलबर्ग्याच्या बाजारातून दवाखान्यात आणले. त्या एका औषधाचा अभ्यास करत होत्या. काहींच्या गळ्यातली ग्रंथी नको इतका रस तयार करते. त्यातच शरीराचे पहारेकरी चुकून आपल्याच डोळ्यांमागच्या भागावर चालून जातात आणि डोळे बाहेर येतात. हे औषध पहारेकऱ्यांना आवरणारे होते. तेलकट, उग्र, दुधात ढवळून घ्यायचे. प्लास्टिकला ते चिकटते, म्हणून काचेचा मी.

खटकचिंचोळीच्या सुभद्राबाईंच्या पापण्या झोपेतही मिटत नसत. त्यांची लहान मुलगी ते पाहून भ्यायची. शेजारच्या खाटेवरच्या नलिनीबाईंचेही तसेच होते. अभ्यासासाठी एकीच्या बाटलीत औषध होते, दुसरीच्या नुसते तेल. कुणाच्या कशात, हे दोघींना सांगितले नव्हते. पण सुभद्राबाईंच्या पापण्या खाली येऊ लागल्या, नलिनीबाईंच्या नाही.

"तुमचं नशीब थोर," नलिनीबाई हसल्या. "माझ्या वाट्याला गोडंतेल!"

"मग आणा की तुमची बाटली हिकडं."

एका बाटलीतले औषध आणि दुसरीतले तेल माझ्यात पडले, वर दूध. नलिनीबाईंच्या घरी परक्यांसाठी वेगळा पेला असे. इथे सुभद्राबाई अर्धे प्यायल्यावर उरलेले नलिनीबाई माझ्यातूनच प्यायल्या. रोज तसेच चालले.

अर्ध्याच औषधाने सुभद्राबाईंच्या पापण्या मात्र होत्या तिथेच थांबल्या. तपासणीत दोघींच्याही रक्तात औषध सापडले आणि सारे उघड झाले.

"अक्का, कामून केलात असं?" डॉक्टर कडाडल्या. "हे संशोधन हाय, प्रसाद न्हाई!"

"एकीनं प्यायचं आन् दुसरीनं बघत बसायचं? आम्हाला जमायचं न्हाई, बाई," सुभद्राबाई म्हणाल्या.

अभ्यासातून दोघींची नावे कमी झाली. सुभद्राबाई लुगड्यांचे गाठोडे बांधू लागल्या.

"कुठं निघालात? अभ्यासातून काढलंय, दवाखान्यातून न्हाई," डॉक्टर म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघींना खरे औषध मिळाले. हळूहळू दोघींच्याही पापण्या मिटू लागल्या. घरी जाताना सुभद्राबाईंनी मला मागून घेतले. त्यांची मुलगी माझ्यातून दूध पिऊन मोठी झाली. माझे दिवस फार चांगले गेले.

आता सुभद्राबाई नाहीत. शेवटच्या सकाळी मुलगी त्यांचे डोळे मिटायला वाकली. ते आधीच मिटलेले होते, नीट, झोपल्यासारखे. तिने हात मागे घेतला.

मित्रांनो, आठवण म्हणून मला कपाटात ठेवू नका. हलक्या हाताने धुवा, वापरा. आणि माणसे दोन अन् पेला एकच असेल, तर अर्धा-अर्धा प्या.