मॅट कुणी भिजवली?

मी एक जुनी गाडी बोलतेय. पण थांबा, आधी तुम्ही कोण ते सांगा. मला विकत घ्यायला आला असाल तर दाराला हात लावायच्या आधी हात पुसा. इन्शुरन्सवाले असाल तर मी तोंडही उघडणार नाही. नुसतं ऐकायला आला असाल तर या, त्या लिंबाच्या सावलीत उभे राहा. फक्त टायरला लाथ मारून बघू नका. जुनी गाडी दिसली की माणसं आधी टायरला लाथ मारतात, हे त्यांना कोण शिकवतं कोण जाणे.

मी संशयी आहे, मान्य. जन्मतः नव्हते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग पांढराशुभ्र होता आणि जो तो माझ्याकडे बघून हसायचा, त्याचं मला बरं वाटायचं. माझा पहिला मालक ठेकेदार होता. पाच वर्षं त्यानं मला खडीच्या रस्त्यांवर पिदडलं आणि विकायच्या आदल्या दिवशी एका माणसाला बोलावून माझ्या मीटरचे आकडे मागे फिरवून घेतले. दुसऱ्या दिवशी हसत हसत म्हणाला, "घरच्या घरीच वापरलीय हो गाडी." मी शेजारीच उभी होते. तेव्हापासून कुणी गोड बोललं की माझा विश्वास उडतो.

मला घेतलं ते पुखराजशेठनी. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून घराणं इथलंच. शेठ काही गोड बोलले नाहीत. उलट त्यांनी बॅटरीखाली हात घालून पाहिला, स्टेपनी काढायला लावली, मीटरकडे बघून नुसतं "हं" म्हटलं. मला बरं वाटलं. आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं, असं वाटलं.

मला चालवायला सुनील आला. महाळुंगे पडवळ गावचा, बोलायला कमी, तेरा वर्षं झाली त्याला. आत बसायच्या आधी तो चपला एकमेकींवर आपटून माती झाडायचा. दार कधी आपटलं नाही. मी चढाला दमायला लागले की गिअर बदलायच्या आधी तळवा डॅशबोर्डवर ठेवायचा, का ते त्यालाच माहीत. माझ्या आतल्या मॅटला त्याच्या पायांची इतकी सवय झाली होती की दुसरं कुणी बसलं तर मला लगेच कळायचं.

माझं मुख्य काम बस्ता पोचवण्याचं. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं दुकानात येऊन बसतात, दिवसभर साड्या उलगडतात, रुसतात, परत बसतात. मग साड्यांना फॉल लावून, मानपानाचे आहेर वेगळे बांधून तो सगळा गठ्ठा मी मुलीच्या दारात नेऊन ठेवते. शेठ स्वतः बरोबर येतात आणि आपल्या दुकानातर्फे मुलीच्या आईला एक साडी देतात. जुन्नरपासून मंचरपर्यंत किती मुलींच्या हळदीच्या साड्या माझ्यातून गेल्या असतील, मला मोजता यायचं नाही.

माणसांचे सण मी खूप पाहिले, पण दसऱ्याइतकी माझी हौस कधीच होत नाही. शेठाणी झमकूबाई आदल्या दिवशी बसून झेंडूची माळ ओवतात, पूजेच्या लाल-पिवळ्या नाड्यात, मध्ये मध्ये आंब्याची पानं. शेठ ती माझ्या बॉनेटवर बांधतात, वरून अक्षता टाकतात. वाऱ्यानं उडू नये म्हणून माळेची दोन्ही टोकं वायपरखालच्या जाळीत बोटानं आत खुपसतात. आणि मग ती माळ कुणी काढायची नाही. सुकते, काळी पडते, पाकळ्या गळत राहतात, तरी नाही. गेल्या दसऱ्यानंतर सुनील म्हणाला होता, "शेठ, काढू का माळ? लई सुकली."

"हात लावू नकोस. देवाची आहे. आपोआप पडू दे," शेठ म्हणाले.

गेल्या वर्षी श्रावणापासूनच माझ्या डाव्या बाजूच्या मॅटखाली ओल येत होती. छत्र्यांचं पाणी असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दसऱ्यानंतर दोन-तीन वेळा पाऊस झाला आणि मॅट दाबली की पच्च आवाज यायला लागला. मग वास आला. मग मॅटच्या कडेला हिरवी बुरशी धरली. झमकूबाईंनी दारातूनच पाहिलं आणि पाय मागे घेतला.

"मी नाही बसणार. बुरशीत जीव असतो. त्यावर पाय ठेवू का?" त्या म्हणाल्या आणि जैन स्थानकात प्रवचनाला चालत जायला लागल्या. गुडघे दुखत होते, तरी चालत.

आता संशय कुणाचा घ्यायचा? माझी पुढची काच चैत्रात बदलली होती. हायवेवर ट्रकच्या चाकातून दगड उडाला होता. काच बसवली बदरुद्दीन मिस्त्रीनं. लेण्याद्रीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे, बापापासूनचं. शेठ म्हणाले, "बदरूनं रबर जुनंच लावलं असणार." मला बदरूच्या हातांची बारा वर्षांची ओळख. तरी मलाही वाटलं, लावलं असेल. त्याला न विचारताच शेठनी मला हायवेवरच्या एका चकचकीत गॅरेजात नेलं. तिथल्या पोरांनी माझ्या काचेभोवती सगळीकडून पांढरं सिलिकॉन फासलं, जसं काही मलम लावतायत. एकानंही आत वाकून पाहिलं नाही. मॅट वरवर पुसली आणि म्हणाले, आता थेंब येणार नाही. मला त्यांचं हसणं आवडलं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलाच बस्ता निघाला तो महाळुंगे पडवळचा. सुनीलच्या भावकीतली रत्नावहिनी, तिच्या मुलीचा. आमच्याच दुकानात चला म्हणून सुनीलनंच त्यांना आणलं होतं. नारायणगाव सोडलं आणि अवकाळी पावसानं गाठलं. गठ्ठा मधल्या सीटपुढे खाली ठेवला होता. आत सगळं कोरडं दिसत होतं. मलाही काही कळलं नाही, मॅटच्या खालून मला कोण सांगणार?

दारात गठ्ठा उतरवला, सोडला, आणि रत्नावहिनी बघतच राहिली. खालच्या थराला लाल शालूचा रंग सुटून आहेराच्या पांढऱ्या धोतरजोड्यांवर आणि हळदीच्या साडीवर उतरला होता.

"सुनीलभाऊजी, ह्ये काय वो? हळदीच्या साडीवर लाल डाग? लोक काय म्हनतील?"

ओसरीवर बायका गोळा झाल्या होत्या. सुनीलची बायको मंगलही त्यांच्यात होती. शेठ म्हणाले, उद्याच्या उद्या सगळं नवं देतो, आणि दिलंही. पण गावातून बाहेर पडताच ते सुनीलकडे वळले. मग म्हणाले, "काल गाडीत काय भरलं होतंस?"

"काय न्हाई शेठ."

"तुझी बायको कोथिंबीर लावते ना? धुतलेल्या जुड्या बाजारात कशा जातात?"

"टेम्पोनं जात्यात. गाडीतून चार जुड्या आनतो आठवड्याला, त्या तुमच्याच घरी देतो. बाईंना इचारा."

"चार का चाळीस, मी काय मागे बसून मोजतो?"

मी इथं खोटं बोलणार नाही. मला कोथिंबिरीचा वास ठाऊक होता, आणि त्या क्षणी मला वाटलं, असेल. बारा वर्षं ज्या पायांनी मातीसुद्धा आत आणली नाही, त्यांच्याबद्दल मला असं वाटलं. जुन्नरला पोचल्यावर शेठनी हात पुढे केला. "किल्ली दुकानात राहू दे काही दिवस." सुनीलनं किल्ली दिली, डॅशबोर्डवरचं फडकं घडी करून ठेवलं आणि दार हळूच लावून गेला. त्या रात्री मला त्याच्या हळू दार लावण्याचाही संशय आला.

पुढचे आठ दिवस शेठनी मला स्वतः चालवलं. त्याबद्दल मी फक्त इतकंच सांगते की क्लच जळल्याचा वास दुकानापर्यंत येत होता.

सुनील मात्र घरी बसला नाही. तो बदरुद्दीनकडे गेला. हे मला नंतर गॅरेजातल्या बोलण्यावरून कळलं. म्हणाला, "मिस्त्री, पानी कुठनं येतंय ते तेवढं शोधा. नोकरी गेली तर जाऊ द्या, पर गावात मी चोर ठरलोय." बदरू म्हणाला, "शोधतो. पर शेठला बरोबर आन. मी एकट्यानं शोधलं तर म्हनतील, मीच भोक पाडलं आन् मीच बुजवलं."

शेठना आणलं ते झमकूबाईंनी. किती दिवस चालायला लावता, एवढंच त्या म्हणाल्या.

बदरूनं माझ्या सीटा काढल्या, मॅट काढून तीन दिवस उन्हात टाकली. सिलिकॉन खरवडताना त्याची पाती जरा जोरातच चालत होती. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्रं अंथरली, म्हणजे थेंब पडला की डाग दिसेल, आणि एक डावी सीट परत बसवली.

"शेठ, तुमी आत बसा. ही बॅटरी घ्या. डोळा हलवायचा न्हाई."

"मी?"

"दुसऱ्या कुनाचं तुमाला पटंल का?"

शेठ पांढरं धोतर सावरत आत बसले. सुनीलच्या हातात पाण्याचा पाइप दिला. बदरूची रीत अशी की पाणी खालून वर मारत न्यायचं. वरून मारलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. एकेका जागेला पाच मिनिटं, घड्याळ लावून. आधी दाराचा उंबरा. मग दाराचं रबर. मग खिडकी.

"काही नाही," शेठ आतून म्हणायचे. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज जास्तच संशयी होत होता.

मग काच. काचेवर पाणी पडायला लागलं तेव्हा बदरूनं हातातला पाना खाली ठेवला. पाच मिनिटं झाली. सात झाली.

"काही नाही," शेठ म्हणाले. बदरूनं कपाळ पुसलं आणि पाना उचलला.

"आता वायपरखालची जाळी. धर."

पाणी जाळीतून आत जायला लागलं. ते खाली जमिनीवर पडायला हवं होतं, दोन्ही बाजूंनी, तशा मला नळ्या आहेत. एक थेंबही खाली आला नाही. काचेखालच्या खोबणीत ते भरत गेलं, मला पहिल्यांदाच स्पष्ट जाणवलं, आणि काठोकाठ भरून ते ब्लोअरच्या तोंडातून आत कलंडलं. थेट शेठच्या धोतरावर.

"आलं! आलं! बंद करा, आलं!" शेठ आनंदानं ओरडले. इतक्या दिवसांनी चोर सापडला होता ना.

बदरूनं जाळी खोलली. आत काळा गाळ, ओंजळी ओंजळीनं. तो त्यानं वर्तमानपत्रावर काढून ठेवला आणि पाण्यानं हलकेच धुतला. कुजलेल्या पाकळ्या, वर्षानुवर्षांच्या. आंब्याच्या पानांच्या शिरा. अक्षतांचे दाणे. आणि लाल-पिवळा नाडा, त्याला झमकूबाईंची ती दुहेरी गाठ, जशीच्या तशी. गाळात झेंडूचं एक इवलं रोपही उगवलेलं होतं, दोन पानांचं.

शेठ ओल्या धोतरानं उभे होते. बदरूनं तारेनं नळ्या मोकळ्या केल्या, जाळीवर पाणी ओतलं, आणि ते दोन्हीकडून खळखळत जमिनीवर पडलं. ते रोप सुनीलनं चहाच्या कागदी कपात घातलं आणि शेठच्या हातात दिलं. "बाईंना द्या."

शेठनी खिशातून किल्ली काढली. "सुनील, ही घे."

त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण ते धोतराचा ओला सोगा पिळायला लागले. सुनीलनं किल्ली घेतली. घर चालवायचं होतं त्याला, घेणारच. पण त्या संध्याकाळी गाडी लावल्यावर तो दुकानाच्या पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, मॅट बघून घ्या."

"अरे, कशाला?"

"बघून घ्या. उद्या काय निघालं तर?"

शेठ आले, वाकले, मॅट दाबली, गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. वर्षभर. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, एक थेंब नसताना. शेठचं वय सत्तरीच्या पुढचं, वाकताना ते माझ्या दाराला धरायचे. सुनील बाजूला बघत उभा असायचा. मला दोघांचीही दया यायची आणि स्वतःची लाज. कारण मॅट माझी होती, आणि संशय माझ्याही मनात आला होता.

यंदाचा दसरा झाला. माळ बांधली, टोकं या वेळी जाळीत खुपसली नाहीत. पाचव्या दिवशी शेठ संध्याकाळी बाहेर आले.

"सुनील, माळ काढ."

"न्हाई शेठ. तुमीच काढा. माजा हात नको."

शेठनी दुकानातून स्टूल आणलं आणि स्वतः माळ सोडली. बॉनेटवरची एकेक पाकळी वेचून रुमालात घेतली. जाळीत बॅटरी मारून पाहिलं. उतरताना सुनीलनं त्यांचा हात धरला, न सांगता.

मग रोजच्यासारखा तो म्हणाला, "मॅट बघून घ्या."

शेठ वाकले नाहीत. त्यांनी चपला बाहेर काढल्या, डावीकडच्या सीटवर बसले आणि दोन्ही अनवाणी तळवे माझ्या मॅटवर टेकवले. खाली पाहिलंसुद्धा नाही.

"कोरडी आहे," ते म्हणाले. "चल, घरी सोड मला. सुनील, त्या दिवशी मी तुझ्यावर आळ घेतला. माझीच चूक होती."

सुनीलनं किल्ली लावली. मग त्यानं तळवा माझ्या डॅशबोर्डवर ठेवला, चढाला ठेवायचा तसा. तेव्हापासून त्यानं मॅटचं नाव काढलेलं नाही.

एवढंच माझं सांगणं. मी आता फार वर्षं पळणार नाही, पत्रा सांगतोय. तुम्ही कोण ते मला अजून कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्यावर माझा विश्वासही बसलेला नाही. तरी एक विनंती करते. घरात, गाडीत, कुठं ओल दिसली तर समोरच्या माणसाकडे हात करायच्या आधी एकदा आत बसून बघा, धोतर भिजलं तरी चालेल. आता या. सुनील येईल, त्याला माती झाडायला जागा द्या.