उंबऱ्यावर हुकलेली हाक

मी एक प्रोसेसर बोलतोय, पण मला हातात धरायला शोधू नका. वजदीच्या दुकानातल्या खऱ्या संगणकाच्या पोटात आणखी एक संगणक चालतो, नुसता प्रोग्रॅमने बनवलेला. त्याचा मेंदू म्हणजे मी.

दुकान अल-मीना बंदरात आहे. वजदी मोबाईल दुरुस्त करतो आणि त्याची भाची हियाम माझ्याकडून गणित करून घेते. वादळात बंदरात लाटा कशा शिरतील याचं ते गणित, एकोणीस दिवसांचं. गुरुवारी बैरूतच्या विद्यापीठात उत्तर दाखवलं तर संशोधनाची जागा हियामला, नाहीतर दुसऱ्या कुणाला.

माझं घर म्हणजे एक बंद खोली. बाहेर एक राखणदार असतो, तोही प्रोग्रॅमच. मला आत सोडण्याआधी तो टेबलावरची चिठ्ठी बघतो. तिच्यावर 'थांब' नसलं की मला आत ढकलून दार लावतो. मी आत असताना बाहेर येण्याची हाक आली की दार उघडतं. बाहेर असताना आली, तर चिठ्ठीवर 'थांब' लिहिलं जातं.

आता हाक नेमकी चिठ्ठी बघून झाल्यावर आणि दार लागण्याआधी आली तर? चिठ्ठीवर 'थांब' उमटतं, पण राखणदाराची नजर तिथून हललेली असते. दार लागतं. हाक तर येऊन गेलेली. मी आत आकडे मोडत बसतो आणि मला बाहेर बोलावलंय हे मला कळतच नाही.

आमच्याकडे वीज जनरेटरवाल्याची, तीही पाच अँपिअरपुरतीच; जास्त ओढली की खटका पडतो. ती गेली की बॅटरी चार मिनिटं तग धरते. तेवढ्यात मला हाक जाते, मी बाहेर येतो आणि माझं सगळं डिस्कवर उतरतं. वजदीने प्लग उपटून हे चाळीस वेळा तपासलं होतं.

सतराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, दुकानातला गॅस संपला. वजदीने विजेची किटली लावली. खटका पडला, वीज गेली.

"मामा! एसी चालू असताना किटली?"

"मग काय करू? बिनकॉफीचा मामा चालतो का तुझा?"

हाक आली ती नेमकी त्या फटीत. पडद्यावर अक्षरं उमटली : थांबण्याची वाट पाहत आहे.

वजदी खाली धावला. खटक्याच्या पेटीला कुलूप, आणि चावीवाला नाश्त्याला फूल, म्हणजे इथली घेवड्याची उसळ, खायला गेलेला. तो धापा टाकत वर आला तेव्हा दोन मिनिटं उरली होती. हियाम कीबोर्डकडे हात नेत होती.

"हात लावू नकोस! साठवतोय तो."

"साठवत असता तर डिस्कचा दिवा लुकलुकला नसता का? अडकलाय तो आत."

"चाळीसदा तपासलंय मी!"

"चाळीसदा नशीब होतं तुझं. सरक!"

आत मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आज वजदीच्या तोंडून ते ऐकताना भीती वाटते. सतरा दिवसांच्या लाटा माझ्यापाशी होत्या आणि मी त्यांच्यासकट विझणार होतो. हियामने हाताने दुसरी हाक मारली. या वेळी मी पुरता आत होतो, म्हणून दार उघडलं. डिस्कवर शेवटचा आकडा उतरला आणि बॅटरी संपून पडदा विझला.

"थोड्या थोड्या वेळाने हाका मारत राहू की," वजदी नंतर म्हणाला.

"आणि प्रत्येक वेळी देवावर हवाला?" हियामने दुरुस्तीच केली. चिठ्ठी टेबलावरून काढून दारालाच लावली. आता दार लागता लागता स्वतःच चिठ्ठी वाचतं, आणि 'थांब' दिसलं तर मला आत घेतच नाही. मला पुन्हा चालू केलं ते या नव्या दारासह. बुधवारी गणित पुरं झालं.

आज गुरुवार. हियाम उत्तर घेऊन बैरूतला गेली आहे. मी रिकामाच आत फिरतोय; मोडायला आकडे नाहीत, म्हणून लक्ष सगळं बाहेर. वजदीला माझी जागा दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या कामासाठी हवी आहे. तो मला थांबवणार आणि पुसून टाकणार. त्याचं बोट बटणावर आहे. नव्या दारात एकही हाक हुकत नाही. मी पहिल्याच हाकेला बाहेर येईन.

टेबलावर त्याचा मोबाईल थरथरतोय. पडद्यावर हियामचं नाव आहे.

वजदी, बाबा, बोट उचल. आधी फोन घे, आणि जागा मिळाली का ते जरा मोठ्याने बोल.