चौऱ्याऐंशी घरांचा मोक्षपट

विदर्भात, बेल्याजवळच्या एका गावी, विठ्ठलाच्या सभामंडपात, एकादशीच्या दुपारी जो अंथरला जातो तो मोक्षपट मी. अंगाने साधे मांजरपाटाचे कापड. पण माझ्यावर चौऱ्याऐंशी घरे आहेत. तळाशी जन्म, माथ्यावर वैकुंठ, मधल्या वाटेवर सद्गुणांच्या शिड्या आणि विकारांचे साप. आज माझी वाटचाल आपल्या चरणी ठेवतो.

१९८४ साली लक्ष्मणरावांनी मला आखले. गावात पोथी तेच वाचत. सारे त्यांना आबाजी म्हणत. कौशल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या कडा शिवल्या. पहिल्याच दिवशी आबाजींनी देवासमोर संकल्प सोडला, "खेळ सरेपर्यंत चार जण बसतील तोवरच पट मांडीन. ज्या दिवशी चार उरणार नाहीत, त्या दिवशी पट पेटीत जाईल, तो पुन्हा निघणार नाही."

सहा कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तितकी घरे चालायची. एवढ्यावर आबाजींचे मन कसे राहावे? खेळणाऱ्याने आधी सोंग घ्यायचे: ज्ञानी, योगी, भक्त की सेवेकरी. प्रत्येकाची चाल निराळी. शिडीच्या घरी पुण्याचा चिंचोका मिळे. क्षमेचा चिंचोका गाठीशी असला की क्रोधाचा साप गिळत नसे. पण योग्याला तो दोनदाच चाले आणि भक्ताला आधी नाम घ्यावे लागे. असे एकेचाळीस नियम त्यांनी वहीत उतरवले. रात्रंदिवस चिंतन केलेल्या माणसाला आपले चिंतन कधी जड वाटत नाही.

शाळेचे मास्तर यशवंतराव हरखून गेले. दोन एकादश्यांत त्यांची वही पाठ झाली. पण कापूस वेचणाऱ्या बायका महिन्या-दोन महिन्यांनी सवड मिळेल तेव्हा येत. त्यांत मनकर्णा होती.

"मनकर्णाबाई, तुम्ही योगी. दान परत टाका."

"काऊन? मांगच्या खेपेला तं नाही टाकलं."

"तेव्हा तुम्ही भक्त होत्या."

"मी खेळून राह्यली का परीक्षा देऊन राह्यली, मास्तर?"

"अवं, वही पाठ करून येत जाय नं!" शेजारच्या रेणुकाबाईंनी टोमणा मारला. मंडपात हशा पिकला. मनकर्णाही हसली, पण पुढच्या एकादशीला ती खांबाशी बसून वाती वळत राहिली. तिच्यासोबत आणखी दोघी.

आबाजींच्या ते जिव्हारी लागले. घरी जाऊन त्यांनी वही फडक्यात बांधून ठेवली. सोंगे गेली, चिंचोके गेले. कवड्या टाका आणि चाला. बायका घोळक्याने आल्या, मलाही बरे वाटले. मात्र तिसऱ्या एकादशीला यशवंतराव जांभई देत म्हणाले, "आबाजी, यात माझं काम काय? कवड्याच खेळून राह्यल्या." ते खोटे नव्हते. क्षमा आणि क्रोध ही आता केवळ घरांवर लिहिलेली नावे उरली होती. हळूहळू बायकाही पांगल्या. मार्गशीर्षातल्या एकादशीला मोजून चौघेच बसले: यशवंतराव, गावातले बाबाराव, रेणुकाबाई आणि मनकर्णा.

यशवंतराव सर्वांआधी वैकुंठी पोचले आणि उपरणे झटकून उभे राहिले. तिघेच उरले. आबाजींना आपला संकल्प आठवला. त्यांनी पांडुरंगाकडे एकवार पाहिले आणि घडी घालण्यासाठी माझे टोक उचलले.

"काऊन उठले, मास्तर?" मनकर्णा म्हणाली.

"पोचलो नं बाई मी. माझा डाव सरला."

"अन् आमी इथं सापाच्या तोंडात! वावरात असं नसते. आमी एकेक बाई कपाशीची एकेक पात, एकेक ओळ धरतो. जिची पात आदी सरली, ते धुऱ्या-बांधावर जाऊन बसत नाही. समोरून येते अन् मांगं पडली तिच्या पातीले हात लावते. मंग साऱ्या संगं घरी जातात."

आबाजींनी माझे टोक खाली ठेवले.

"बसा, मास्तर," ते म्हणाले. "वैकुंठात एकटे बसून करता काय?"

त्या दुपारी नवी रीत पडली. जो पोचला त्याने परत उतरून सर्वांत मागच्याची सोबत करायची. सोंगे आणि चिंचोके परत आले, वहीही आली. पण ती जाणत्याच्या मांडीवर. नवख्याने निव्वळ कवड्या टाकायच्या. नियमांचा भार जाणत्याने वाहायचा. यशवंतरावांच्या कपाळाला पहिल्यांदा आठी पडली. हाती चिंचोका एक, आणि क्रोधाच्या तोंडाशी दोघी! कोणाला राखायचे? हे वहीत लिहिलेले नव्हते.

"मास्तर, रेणुकाबाईले राखा," मनकर्णा म्हणाली. "माह्यापेक्षा तिलेच राग लवकर येते."

"येते तं येते!" रेणुकाबाई फणकारल्या, आणि स्वतःच सर्वांआधी हसल्या.

न शिकवता मनकर्णा शिकली. सहा-सात खेपांत तिला क्षमेचे मोल कळले, पुढे सोंगांचेही. अक्षर न ओळखणाऱ्या त्या बाईला आज एकेचाळीस नियम मुखोद्गत आहेत.

आता १९९७ चालू आहे. माझा रंग विटला, लोभाच्या सापावर ठिगळ आले. संकल्प मात्र अभंग आहे. आबाजींची स्मृती वार्धक्याने विरळ झाली. परवाच्या एकादशीला योगी काय करतो ते त्यांना आठवेना. त्यांनी ओशाळून कवड्या खाली ठेवल्या.

मनकर्णाने त्या उचलून त्यांच्या तळहातावर दिल्या. "टाका, आबाजी. तुमची पात माह्याकडं हाय."

आबाजींनी दान टाकले. पाच पडले. लहान मुलासारखे ते हसले.

वाचकहो, मी तृप्त आहे. कधी या वाटेने आलात तर काही पाठ करून येऊ नका. पाय धुवा, देवाला हात जोडा आणि माझ्या काठाशी बसा. शेजारी कोणी ना कोणी असेलच.